मागं कोण हाय?

क्रिकेटच्या मैदानावर विकेटकीपरच्या मागे आणखी एक माणूस उभा राहिलेला तुम्ही पाहिला आहे का? मी पाहिला आहे. वरवंडला आमच्या कंपनीतल्या कामगारांची मॅच होती. कॅप्टनने सोपानआप्पांना सीमारेषेवर जायला सांगितलं. आप्पा चालत निघाले ते थेट विकेटकीपरच्या पाठीमागे जाऊन थांबले आणि गुडघ्यात थोडे वाकून, हात पसरून उभे राहिले. विकेटकीपर वैतागला. म्हणाला, आप्पा, हितं मी हाय की.

आप्पा शांतपणे म्हणाले, "तू हायेस रं. पण तुझ्या मागं कोण हाय?"

पहिल्याच षटकात चेंडू त्याच्या दोन पायांमधून सुटला आणि आप्पांनी तो नडगीवर अडवला. टाळी एकानेही वाजवली नाही. अडवलेल्या चेंडूला टाळ्या पडत नाहीत. आप्पांना त्याची सवय होती.

कुरकुंभच्या एका केमिकल कंपनीत आप्पा रिअॅक्टरवर ऑपरेटर होते. मी पॅकिंगला, ठेकेदाराचा माणूस. म्हणजे काम कंपनीचं, घाम आमचा आणि हजेरी ठेकेदाराच्या मर्जीची. मी तेव्हा संघटनेची पत्रकं लिहायचो, आणि आप्पांनी माझं नावच 'पत्रक' ठेवलं होतं. सकाळी दौंडच्या नाक्यावर कंपनीच्या बसची वाट बघत असताना ते विचारायचे, "काय पत्रक, आज कुणाचा धिक्कार?" मी म्हणायचो, मॅनेजरचा. मग ते मान डोलवायचे. "कर की. पण धिक्काराला समदेच पुढं पळाले, तर मागं कोण हाय?"

हा प्रश्न त्यांना जगात सगळीकडे पडायचा. बसमध्ये त्यांची जागा शेवटच्या सीटवर, मधोमध. लग्नात ते मांडवात कधी दिसत नसत. आचारी आणि पंगत यांच्या मध्ये, जिलेबीच्या परातीला पाठ लावून उभे असत, आणि पंगत उठायच्या आत परातीकडे सरकणारा एकही माणूस त्यांना चुकवून जाऊ शकत नसे. ते त्याला हात लावत नसत, बोलत नसत. तो डावीकडे गेला की हे डावीकडे. तो उजवीकडे गेला की हे उजवीकडे. माणूस शेवटी लाजून पाणी पिऊन परत जायचा.

एकदा दौंडच्या बाजारात एक वळू उधळला. लोक दुकानांच्या फळ्यांवर चढले. आप्पा मात्र भाजीवाल्या बायका आणि वळू यांच्या मध्ये जाऊन उभे राहिले आणि त्याच्या शिंगांकडे न बघता खुरांकडे बघत, एक-एक पाऊल मागे सरकत, त्याच्यापुढे डुलत राहिले. असे ते दोघं बाजारापासून स्टेशनापर्यंत गेले. वळूला बहुधा कंटाळा आला. तो बसला. मी नंतर विचारलं, आप्पा, भीती नाही वाटली? म्हणाले, "डोळ्यात बघायचं न्हाई. डोळं फशिवत्यात. पायाकडं बघायचं. डीटर तेच करतो."

आता डीटरबद्दल सांगायला हवं.

डीटर क्राम्बाख हा जर्मनीतला एक फुटबॉलपटू. बचाव फळीतला. तुम्ही त्याचं नाव ऐकलं नसेल, ही तुमची चूक नाही. तेव्हा आमच्याकडे पेपरात फुटबॉलच्या नावाने बोटभर बातमी यायची आणि तीही गोल करणाऱ्याची. ज्याने गोल होऊ दिला नाही, त्याचं नाव छापायला पेपरवाल्यांकडे शाई उरत नाही. यावर मी पत्रक काढणार होतो. आप्पांनीच अडवलं.

आमच्या कंपनीची मशिनरी जर्मनीहून आली होती. प्लांट सुरू करून द्यायला रूडी नावाचा एक जर्मन फिटर आला आणि पुढे कितीतरी वर्षं, प्लांट दुरुस्तीसाठी बंद ठेवला की तो यायचा. डीटर त्याच्याच गावचा पोरगा. रूडी वर्षभराचा डीटर घेऊन यायचा आणि कँटीनच्या टेबलावर मांडायचा. मिठाची वाटी म्हणजे गोल. छोटे नट म्हणजे चाल करून येणारे. आणि मिठाच्या वाटीपुढे एक मोठा बोल्ट, तो डीटर. रूडीचं इंग्रजी मोडकं आणि आप्पांचं त्याहून मोडकं, पण बोल्ट सरकला की दोघांच्या माना एकदम हलायच्या. जेवणारे ओरडायचे, मीठ कुठाय? आप्पा म्हणायचे, थांबा, अजून मॅच चालू हाय.

अशा रीतीने डीटरची सगळी कारकीर्द कुरकुंभच्या कँटीनमध्ये पार पडली. तो गावच्या क्लबातून मोठ्या क्लबात गेला. त्याच्या क्लबाला वरच्या श्रेणीत बढती मिळाली, तेव्हा आप्पांनी बसमध्ये पेढे वाटले. नव्याने लागलेल्या एका पोऱ्याने विचारलं, कोण पास झालं, आप्पा? आप्पा म्हणाले, डीटर. पुढच्या वर्षी क्लब पुन्हा खाली घसरला. आप्पा दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत. त्याच पोऱ्याने त्यांच्या शेजारी बसून हळूच सांगितलं, "आप्पा, त्याला ट्यूशन लावा."

लोक विचारायचे, गोल किती मारले त्याने? आप्पा सांगायचे, एकही नाही. मग कशाला पाळलाय त्याला? यावर आप्पा रागावत नसत. गोल मारायला लई लोक हायेत, एवढंच म्हणायचे.

डीटरला देशाच्या संघात एकदाच बोलावणं आलं. सबंध सामना तो राखीव बाकावर, अंगातल्या जॅकेटची चेन गळ्यापर्यंत ओढून बसून राहिला. मैदानात पाऊल ठेवलं नाही आणि पुन्हा बोलावणंही आलं नाही. आम्ही हळहळलो. आप्पांचं ऊर मात्र भरून आलं होतं. "बसला तर बसला. सबंध जर्मनीच्या मागं बसला."

मग एका साली त्याने आपल्याच गोलात चेंडू घातला. त्याच्या पायाला लागून आत गेला, क्लब हरला, लोकांनी शिव्या घातल्या. रूडीने बोल्ट हळूच मिठाच्या वाटीत टाकला आणि मान खाली घातली. आप्पांनी तो बोल्ट उचलला, शर्टाला पुसला आणि परत जागेवर ठेवला. नंतर बसमध्ये शेवटच्या सीटवरून उभं राहून त्यांनी त्याची बाजू मांडली. त्यांचं आयुष्यातलं ते एकमेव भाषण.

"पायाला लागून गेला म्हणता ना? पण तवा तिथं पाय हुता कुणाचा? त्याचाच. बाकीचे धा जण कुठं हुते, ते इचारा की."

ड्रायव्हरने बस हळू केली होती, असं मला आठवतं.

डीटरचा गुडघा गेला, ऑपरेशन झालं, तेव्हा आप्पा स्वतःच्या गुडघ्याला पट्टा बांधून लंगडत कामावर येऊ लागले. कंपनीच्या डॉक्टरने तपासलं, काही सापडेना. विचारलं, नेमकं दुखतंय कुठं? आप्पा म्हणाले, "हितं न्हाई साहेब. तिकडं."

पुढे कंपनीने जर्मनांना बोलवणं बंद केलं. ठेकेदाराची माणसं तेच काम स्वस्तात करतात म्हणे. स्वस्तात म्हणजे कुणाच्या जिवावर, ते मी दोन पत्रकांत लिहिलं होतं. पण आप्पांचं नुकसान वेगळंच होतं. रूडी यायचा थांबला आणि त्याच्याबरोबर डीटरही थांबला.

एव्हाना दौंडला स्टेशन रोडवर एक सायबर कॅफे निघाला होता. एका शनिवारी पहिली पाळी सुटल्यावर मी आप्पांना तिथे नेलं. नाव टाकलं. क्लबचं पान उघडलं, सगळं जर्मनमध्ये. एक फोटो वरून खाली उतरत येऊ लागला. तेव्हा फोटो असेच यायचे. आधी आभाळ आलं. मग स्टेडियमचं छत. मग डीटरचं मागे सरकलेलं कपाळ, मग चेहरा, मग हातातला फुलांचा गुच्छ, आणि शेवटी एका बाजूला बायको व दुसऱ्या बाजूला दोन पोरं.

वाचता एक अक्षर येत नव्हतं, पण गरजही नव्हती.

"सुटला खेळातनं," आप्पा म्हणाले. त्यांनी स्क्रीनला बोट लावलं. कॅफेवाला खेकसला, हात लावू नका. आप्पांनी बोट काढलं नाही. "नुसती फुलं दिली व्हय रं त्याला?"

तिकडं तशीच पद्धत असेल, मी म्हणालो.

"शाल न्हाई? नारळ न्हाई? एवढी वर्सं मागं हुबा ऱ्हायला आन् नारळ न्हाई?"

यात हसण्यासारखं काही नाही. आमच्या कंपनीत सबंध नोकरी झोपेत काढलेल्या माणसालाही निवृत्तीच्या दिवशी शाल, नारळ, हार आणि भिंतीवरचं घड्याळ मिळायचं. मॅनेजर त्याचं नाव चुकीचं घ्यायचा, पण शाल मिळायची. आप्पांना जर्मनांचा आदर होता. त्या दिवशी तो थोडा कमी झाला. म्हणाले, आपण करू. उद्या, माझ्या घरी. तू भाषण लिही.

मी विचारलं, आणखी कोण येणार?

"तू, मी आन् तो. फुरं झालं."

खरं सांगायचं तर डीटरपेक्षा मला त्या घराचंच नवल वाटलं. आप्पांच्या घरी कधी कोणी गेलेलं नव्हतं. रेल्वे लाइनीपलीकडच्या एका गल्लीत त्यांची खोली होती, हे ठाऊक होतं. पण पोचवायला म्हणून कोणी बरोबर निघालं, की फाटकापाशी आप्पा वळायचे आणि लग्नातल्या त्या परातीपुढे राहायचे तसे वाटेत उभे राहायचे. हसून, एक अक्षर न बोलता. माणूस आपोआप परत फिरायचा.

रविवारी सकाळी मी भाषण घेऊन निघालो. चांगलं जहाल उतरलं होतं. 'जगातल्या मागच्या फळीतल्या तमाम बांधवांनो' अशी सुरुवात होती आणि शेवटी पुढच्या फळीचा खणखणीत समाचार होता.

गल्लीत शिरलो तर आप्पांच्या दारात चपलांचा ढीग. आत खोली माणसांनी भरलेली. एका बाजूला बाया डोक्यावर पदर घेऊन, दुसऱ्या बाजूला पुरुष भिंतीला टेकून. कोणी बोलत नव्हतं. मधोमध लोखंडी खुर्चीवर डीटरचा फ्रेम केलेला फोटो, खुर्चीच्या पाठीवर नवी कोरी शाल, पुढे नारळ आणि उदबत्ती. फोटोला झेंडूचा भरगच्च हार. बाजूला खाली मान घालून आप्पा.

काय झालं ते मला तिथल्या तिथे उमगलं. सत्कार म्हटल्यावर हार हवा. सत्कारमूर्ती जर्मनीत, म्हणून हार फोटोला. एवढा सरळ हिशेब. पण शेजारच्या काशीमावशी पाण्याला निघाल्या होत्या. रेल्वेच्या क्वार्टरांत धुणीभांडी करून दोन पोरं वाढवलेली ती बाई, कुणाच्या घरात काय चाललंय हे तिला उंबऱ्यावरून कळायचं. उघड्या दारातून तिला हार घातलेला फोटो दिसला आणि त्याच्यापुढे एकटा बसलेला माणूस. आमच्या भागात याहून जास्त सांगावं लागत नाही. तिने हंडा खाली ठेवला आणि गल्ली गोळा केली. दुखवट्याच्या घरी चूल पेटत नाही, म्हणून एका घरून पिठलं-भाकरीही येऊन पोचली होती.

"वय काय हुतं?" रेल्वेतून निवृत्त झालेल्या एका म्हाताऱ्याने विचारलं.

"पस्तीस," आप्पा म्हणाले.

खोलीभर चुकचुकाट झाला. एक बाई म्हणाली, रंगानं लई गोरा हो. तिकडंच नोकरीला होता का, असं कोणीतरी विचारलं. आप्पांनी मान हलवली. मग म्हाताऱ्याने अगदी हळू विचारलं, कशानं झालं?

"गुडघ्यानं."

 म्हाताऱ्याने मांडी मोडून आपला उजवा पाय हळूच लांब केला आणि तो चोळत बसला.

मला राहवेना. माणसं कामधंदा टाकून आलेली, भाकरी थापून आणलेली. खरं काय ते सांगायला हवं म्हणून मी पुढे झालो, तोंड उघडलं. तेवढ्यात आप्पा उठले. मी आणि ती माणसं यांच्या मध्ये येऊन, गुडघ्यात थोडे वाकून, एक हात पसरून उभे राहिले. मी डावीकडे झालो, ते डावीकडे झाले.

"ऱ्हाऊ दे, पत्रक," ते माझ्यापुरतं म्हणाले. "बसल्यात समदी."

त्यांच्या आवाजात विनंती होती. ती मी त्याआधी कधी ऐकली नव्हती. मी खाली बसलो.

काशीमावशी खोली न्याहाळत होत्या. एक कॉट, एक स्टोव्ह, एकच ताट. आणि खिडकीशेजारी खिळ्याला टांगलेला एक छोटा फोटो. कपाळावर मोठं कुंकू लावलेली, ओठ घट्ट मिटून हसू दाबणारी एक तरुण बाई.

"ह्या कोण रं, सोपान?"

"सरू."

"सरू कोण?"

"घरातली," आप्पा म्हणाले.  आणि मग पुढचं बोलले, ते अगदी सरळ, शिफ्टचा चार्ज देताना बोलावं तसं.

प्लांट सुरू व्हायचा होता, त्या दिवसांतली गोष्ट. सरू माहेरी शिरूरला गेली होती. ताप आला. निरोप आला. आप्पा पोचले तेव्हा शुद्ध गेली होती. पुढचं सगळं तिच्या भावांनी तिकडंच उरकलं. आप्पांना रजा नव्हती, रिअॅक्टरवर चाचणीची बॅच लागलेली होती. ते दौंडला परत आले. ही खोली तेव्हा नुकतीच घेतलेली, गल्लीत ओळख नाही, कंपनीतही सगळी नवी तोंडं. दारोदार जाऊन कुणाला सांगायचं, की माझी बायको गेली, घडीभर येऊन बसा म्हणून? आणि नंतर सांगायची वेळ निघून गेली. मग कोणी घरी आलं, तर बायको कुठाय म्हणून विचारेल, याचीच भीती वाटायला लागली.

"त्या रूडीला तेवढं कळलं," आप्पा म्हणाले. "त्याला मराठी न्हाई, मला जर्मन न्हाई. सबंध पाळी माझ्याजवळ बसून ऱ्हायला. जाताना खिशातनं ह्याचा फोटू काढला आन् माझ्या हातावर ठिवला. दुसरं काय हुतं त्याच्याकडं द्यायला?"

काशीमावशी उठून सरूच्या फोटोजवळ गेल्या. काचेवरची धूळ पदराने पुसली.

"आन् हिला हार?"

"न्हाई घातला."

"का रं?"

आप्पा फोटोकडे बघत होते. "हार घालताना मागं कोणतरी लागतंय की, मावशी."

बाहेर मालगाडी जात होती. ती संपली. मग काशीमावशी खुर्चीपाशी आल्या आणि त्यांनी डीटरच्या फोटोकडे हात जोडले. तेव्हा आप्पांना खरं सांगणं भाग पडलं.

"मावशी, हा जित्ता हाय. रिटायर झालाय नुसता."

 आता गल्ली उठणार, असं मला वाटलं. म्हाताऱ्याने चोळता चोळता गुडघा सोडला. मावशींनी डीटरकडे पाहिलं, हाराकडे पाहिलं, मग आप्पांकडे.

"मग त्याला कशाला घातलास, मुडद्या? बायकापोरं असतील त्याला. उतरव आदी."

आप्पांनी हार उतरवला. मावशींनी त्यांना खांद्याला धरून खिडकीकडे वळवलं. पुरुष उठले, बाया उठल्या, पाय लांब केलेला म्हातारा भिंतीचा आधार घेऊन उठला. ती एवढीशी खोली आप्पांच्या पाठीमागे उभी राहिली. आप्पांचे हात हारासकट वर गेले आणि फ्रेमपाशी थांबले. बराच वेळ तसेच राहिले. कोणी घाई केली नाही.

मग त्यांनी हार घातला.

भाषण माझ्या खिशातच राहिलं. समाचार घ्यावा असं तिथे कोणी नव्हतं. लोक पुन्हा खाली बसले. यावेळी ते सरूसाठी बसले होते. तिचं माहेर कोणतं, स्वयंपाक कसा करायची, बोलायची का गप्प असायची, असं बाया विचारत राहिल्या आणि आप्पा सांगत राहिले. मावशींनी त्यांच्यापुढे पिठलं-भाकरी ठेवली. ते जेवले.

अशा घरातून निघताना 'येतो' म्हणायचं नसतं. माणसं एक-एक करून न बोलता उठली, चपला घातल्या आणि गेली. काशीमावशी सगळ्यांच्या शेवटी उठल्या. उंबऱ्याबाहेर जाऊन त्यांनी हंडा उचलला, कमरेवर घेतला आणि मागे वळल्या.

"येते उद्या," त्या म्हणाल्या.

सोमवारी सकाळी कंपनीची बस आली. मी सवयीने मागे गेलो, आप्पांशेजारी बसायला. शेवटची सीट रिकामी होती. आप्पा पुढे, ड्रायव्हरच्या पाठीमागे, खिडकीपाशी बसले होते. मी त्यांच्या जागेवर बसलो आणि कुरकुंभचा फाटा येईपर्यंत त्यांच्या मानेकडे बघत राहिलो. त्यांनी एकदाही मागे वळून पाहिलं नाही.